कानांची व्यथा व तीवरील उपाय

(महोत्सवी वर्षात वृद्ध व आजारी बांधवांच्या दिनी, मिस्साबलिदानानंतर धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या वर्षात धर्मगुरू बोलावयास उभा राहिला म्हणजे त्याने मंदिराच्या पायाभरणीची, घंटेच्या आगमनाची आणि पूर्वीच्या धर्मगुरूंनी सोसलेल्या कष्टांची कथा सांगावी, असा प्रघात आहे. ती कथा आपल्यातील जुन्या जाणत्या मंडळींनी मजहून अधिक अधिकाराने लिहून दिलेली आहे व ती आपणांस वाचावयास मिळेलच. आजचा दिवस वृद्धांचा व दुखणाइतांचा. यास्तव मी अशा एका दुखण्याविषयी बोलण्याचे योजिले आहे की, ज्याने ताप येत नाही, रक्त वाहत नाही, अंथरूण धरावे लागत नाही, आणि म्हणूनच ज्याची विचारपूस करावयास कोणी येत नाही. हे दुखणे म्हणजे कानांचे मंदावणे व कानांचे वाजणे.

प्रवचनाच्या वेळी वेदीवरून मला तुमचे चेहरे दिसतात, हे तुम्ही बहुधा विसरता. एखादी गमतीची गोष्ट सांगितली की पुढच्या बाकांवरील काही वृद्ध मंडळी प्रथम शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाहतात. शेजारी हसला, की मग तीही हसतात. मिस्सेनंतर दाराशी भेट झाली असता मी काही विचारले तर "होय, फादर, देवाची कृपा" असे उत्तर येते, मग मी विचारलेले काहीही असो. ही लबाडी मला लगेच ओळखू येते, कारण हीच लबाडी मी स्वतः पाच वर्षे केली.

माझे वय आज छप्पन्न वर्षांचे आहे. सुमारे सात वर्षांपूर्वी एका रात्री दिवा मालवून पडलो असता मला रातकिड्याचा आवाज ऐकू येऊ लागला. उठून खिडकी लावली, आवाज तसाच. पंखा बंद केला, तो आवाज उलट वाढला. व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो, तेथेही तो माझ्या मागोमाग आला. तेव्हा ध्यानात आले की हा किडा बागेत नसून माझ्या डाव्या कानात आहे. तो तेव्हापासून आजतागायत गेलेला नाही. या क्षणी तुमच्याशी बोलतानाही तो आपले काम करीतच आहे. त्याच सुमारास मला माणसांचे बोलणे ऐकू येई, परंतु उमगत नसे. आणि मी ते कोणालाही सांगितले नाही. धर्मगुरूचे अर्धे काम कानांचे. ते कानच गेले असे कळले तर लोक काय म्हणतील, ही लाज. मग मी मान डोलावण्याची कला शिकलो.

त्या कलेचा शेवट कसा झाला तेही सांगतो, कारण ज्यांच्या बाबतीत घडले त्यांनी मला सांगण्याची मोकळीक दिलेली आहे. एका लग्नाच्या मांडवात बँड वाजत असताना एक गृहस्थ लगबगीने माझ्याकडे आले आणि कानाशी तोंड नेऊन दोन शब्द बोलले. त्यांच्या मातोश्री काही दिवस रुग्णालयात होत्या, हे मला ठाऊक होते. ते म्हणाले होते, "आई गेली." मला त्यातील "आई" आणि शेवटचा "ली" एवढेच ऐकू आले, व मधले मी माझ्या मनाने भरून काढले. "आई आली" असे समजून मी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि हसत म्हणालो, "वा, छान झाले! देवाचे आभार माना." ते गृहस्थ माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तेच शब्द पुन्हा, मोठ्याने उच्चारले, आणि आसपासच्या चारचौघांनीही ते ऐकले. त्यांनी मला कधीच क्षमा केली आहे. परंतु दुसऱ्या आठवड्यात मी कानांच्या डॉक्टरांकडे गेलो तो त्या दिवसामुळे गेलो. नाहीतर मी अजूनही मानच डोलावीत बसलो असतो.

पवित्र शास्त्रात, शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, बर्जिल्लय नावाच्या एका सधन वृद्धाची हकीकत आहे. दाविद राजा संकटात असता त्याने राजाला अन्नधान्य पुरविले होते. पुढे राजाचे दिवस पालटले तेव्हा त्याने या उपकारकर्त्याला यरुशलेमेस येऊन आपल्या पंक्तीस राहण्याचे आमंत्रण दिले. बर्जिल्लयाने ते नाकारले. आपण ऐंशी वर्षांचे झालो, अन्नाची चव कळत नाही, गाणाऱ्यांचे सूर कानी पडत नाहीत, मग आपले ओझे राजाने का वाहावे, असे त्याचे म्हणणे. प्रवचनांत हा प्रसंग क्वचितच येतो. मला मात्र तो अलीकडे फार आठवतो. राजाच्या पंक्तीचे आमंत्रण असून माणूस घरी परततो, कारण त्याला ऐकू येत नाही! आपल्या वाड्यांतून असे किती बर्जिल्लय आहेत, हे तुम्हीच मोजा. ज्या बाबा पूर्वी रोज सायंकाळी ओट्यावर गप्पांस बसत, ते आता आत खाटेवर बसतात. ज्या आजीबाई जपमाळेला शेजारच्या घरी जात, त्या आता घरीच एकट्या जपमाळ म्हणतात. घरची माणसे म्हणतात, वयाने विरक्ती आली. माझ्या अनुभवाने सांगतो, तिच्यातील बराच भाग विरक्तीचा नसून कानांचा असतो.

आता या इंद्रियाची रचना थोडक्यात पाहू. ती समजली म्हणजे निम्मी भीती जाते. कानाच्या पडद्यामागे तीन इवलीशी हाडे आहेत. त्यांना त्यांच्या आकारावरून हातोडी, ऐरण व रिकीब अशी नावे पडली आहेत. रिकीब हे मनुष्यदेहातील सर्वांत लहान हाड. ते तांदळाच्या दाण्याहूनही लहान असते. पडद्याची थरथर या तीन हाडांवरून आत एका शंखाकृती नळीत पोहोचते. त्या शंखाला सुमारे अडीच वेढे असतात व त्यात द्रव भरलेला असतो. या द्रवात सूक्ष्म केस असलेल्या पेशी रांगांनी उभ्या असतात, प्रत्येक कानात सुमारे पंधरा हजार. द्रव हलला की केस लवतात, आणि त्यांच्या लवण्याचा संदेश मज्जातंतूवाटे मेंदूकडे जातो. डोक्यावरचा केस गळला तर पुन्हा उगवण्याची आशा असते. शंखातील या पेशी मात्र मनुष्यात एकदा मेल्या की पुन्हा उत्पन्न होत नाहीत.

वय झाल्यावर प्रथम ज्या पेशी जातात त्या उंच स्वर टिपणाऱ्या. बोलण्यातील स्वरवर्ण हे जाड आवाजाचे असल्यामुळे ते ऐकू येत राहतात. परंतु स, श, फ, त, क यांसारखी बारीक व्यंजने निसटतात. म्हणून वृद्ध मनुष्य म्हणतो, "ऐकू येते, पण कळत नाही," आणि घरचे म्हणतात, "यांना पाहिजे तेवढे बरोबर ऐकू येते." दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. पुरुषाचा जाड आवाज समजतो, सुनेचा व नातवंडांचा बारीक आवाज समजत नाही. यात सुनेचा काही अपराध नसतो व सासऱ्याचे ढोंगही नसते. त्यातच भांड्यांचा वा दूरचित्रवाणीचा गलका असला, म्हणजे उरलीसुरली व्यंजनेही त्यात बुडून जातात. अशा वेळी मोठ्याने ओरडण्याने लाभ होत नाही, कारण ओरडण्याने स्वर तेवढे वाढतात, व्यंजने वाढत नाहीत. उलट ज्यांचे कान असे झालेले असतात त्यांना ओरडणे टोचते.

वयाखेरीज आणखीही कारणे आहेत. काही तर अगदी क्षुल्लक असतात. कानात मळाचा बोळा बसला तरी मनुष्य बहिरा होतो, आणि डॉक्टरांनी तो पाच मिनिटांत काढला की त्यास जग नवे वाटते. परंतु तो केसातल्या पिनेने, काडीने वा किल्लीने कोरू नये. लसूण टाकून कढविलेले तेल कानात ओतण्याची आपल्याकडील जुनी रीतही सोडावी, कारण पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मध्यकर्णात उतरते. कान वाहत असेल तर ते लहान मुलांचे नेहमीचेच म्हणून सोडून देऊ नये. फुटलेला पडदा शस्त्रक्रियेने सांधता येतो. रिकिबीचे हाड जागच्या जागी जखडून गेल्यामुळे येणारा बहिरेपणाही शस्त्रक्रियेने पुष्कळ अंशी दूर होऊ शकतो, आणि ती शस्त्रक्रिया 1956 पासून, म्हणजे जवळजवळ सत्तर वर्षे चालत आलेली आहे. स्ट्रेप्टोमायसीन, जेंटामायसीन यांसारखी काही औषधे जीव वाचवितात, तथापि कानांना अपाय करू शकतात. तशी औषधे चालू असता कान वाजू लागले तर डॉक्टरांना अवश्य कळवावे. आपल्या मनाने औषध बंद मात्र करू नये.

गोंगाट हे मोठे कारण. 85 डेसिबलच्या आवाजात दिवसाचे आठ तास काढले तर कानांना धोका संभवतो. आणि आवाज तीन डेसिबलांनी वाढला की निर्धोक वेळ निम्म्यावर येतो, असा तज्ज्ञांचा हिशेब आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत मागखात्यात ज्यांनी आयुष्य घालविले, त्यांतील कित्येकांचे कान त्या खात्याने खाल्ले. ती माणसे पोटासाठी बहिरी झाली. आपण मात्र हल्ली हौसेने बहिरे होत आहोत. लग्नाच्या आदल्या रात्री भिंतीएवढे ध्वनिक्षेपक रचून आपण जे करतो त्याला संगीत म्हणणे मला जड जाते. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषणविषयक नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे, व रहिवासी वस्तीत रात्री 45 डेसिबलांची मर्यादा आहे. हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. मिरवणुकीत त्या पेटाऱ्यासमोर लहान मुलाला खांद्यावर घेऊन नाचणारा बाप मी या डोळ्यांनी पाहिला, आणि त्या मुलाने दोन्ही हात कानांवर दाबून धरलेले होते.

असो. आता कान वाजण्याविषयी. आपल्या जुन्या वैद्यांनी यास कर्णनाद असे नाव दिले आहे. कोणास शिटी ऐकू येते, कोणास शंख, कोणास पाण्याचा घोष, कोणास माझ्यासारखा रातकिडा. बाहेर आवाज नसतो. तो मेंदू निर्माण करतो. शंखातील काही पेशी गेल्यामुळे तिकडून येणारे संदेश थांबले, म्हणजे मेंदू अधिक कान देऊन ऐकू लागतो, आणि त्या अधिक कान देण्यात त्याला स्वतःचीच कुजबूज ऐकू येते, अशी या नादाची उपपत्ती बहुतेक तज्ज्ञ देतात. म्हणून तो बहुधा मंद झालेल्या कानातच होतो, व रात्रीच्या शांततेत अधिक जाणवतो. ही कोणाची करणी नव्हे, पिशाचबाधा नव्हे व पापाची शिक्षाही नव्हे. एक भेद मात्र ध्यानात ठेवावा. शिटी, घोष, किड्याचा आवाज हा कर्णनाद. कानात कोणी माणूस बोलत आहे, आज्ञा देत आहे, असे वाटू लागले तर ती निराळी व्याधी असून तिला मनोविकारतज्ज्ञाची गरज असते.

मी प्रथम ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी कान तपासले, कागदावर काही लिहिले आणि म्हणाले, "याला औषध नाही, सवय करून घ्या." ते म्हणाले ते खोटे नव्हते. तथापि बुडणाऱ्यास "पोहावे" असे सांगून काठावरून निघून जावे, तसे ते सांगणे होते. सवय होते हे खरे; ती कशी करावयाची हे शिकविणारे लोक आहेत, हे मला पुढे दुसऱ्या ठिकाणी कळले. प्रथम श्रवणतज्ज्ञाकडून दोन्ही कानांची यंत्राने तपासणी करून आलेख काढतात. कान मंद असेल तर श्रवणयंत्र देतात. आणि बाहेरचे आवाज पुन्हा आत येऊ लागले की पुष्कळांचा नादही मागे सरतो. निजताना खोली अगदी निःशब्द ठेवू नये. पंखा अथवा पावसाच्या सरींचा हलका आवाज असावा, म्हणजे नादाला एकट्याचे राज्य मिळत नाही. याशिवाय विचार व वर्तन यांना वळण लावणारी एक मानसोपचारपद्धती आहे, आणि कर्णनादाने होणारा त्रास कमी करण्याच्या बाबतीत तिचा आधार सर्वांत भक्कम ठरला आहे. तिचे तत्त्व साधे आहे. घरातील घड्याळाची टिकटिक आपणांस ऐकू येत नाही, कारण मनाने तिला निरुपद्रवी ठरविलेले असते. कर्णनादाला मन शत्रू मानते, म्हणून त्याच्यावर पहारा ठेवते, आणि पहारेकऱ्यास झोप कोठून येणार? तो पहारा हळूहळू उठविण्यास ही पद्धती शिकविते. मला आठ-नऊ महिने लागले. नाद गेला नाही. मात्र आता दिवसाचे कित्येक तास मला त्याची आठवण होत नाही.

वर्तमानपत्रांतून व मोबाइलवर कर्णनाद समूळ घालविणारे थेंब व गोळ्या यांच्या जाहिराती येतात. मीही त्यांवर पैसे खर्च केले आहेत, म्हणून कळकळीने सांगतो की ते पैसे वाचवा. असे खात्रीचे औषध अद्याप कोणासही सापडलेले नाही.

काही चिन्हे मात्र अशी आहेत की त्यांत विलंब चालत नाही. एका कानाचे ऐकणे एकाएकी, एका रात्रीत अथवा दोन-तीन दिवसांत गेले, तर ते सर्दीने झाले असेल म्हणून वाट पाहू नये. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानांच्या डॉक्टरांकडे जावे. स्टेरॉइड औषधाचा उपयोग होण्याची आशा पहिल्या काही दिवसांतच अधिक असते. नाद एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल किंवा त्याबरोबर चक्कर येत असेल, तरीही तपासणी करून घ्यावी. आणि या नादाने झोप उडून कोणाला जिणे नकोसे वाटू लागले असेल, तर त्याने ते मनात ठेवू नये. मला सांगावे, घरी सांगावे, डॉक्टरांना सांगावे. शासनाची टेली-मानस ही सेवा 14416 या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

श्रवणयंत्राची लाज ही एक निराळीच व्याधी आहे. नाकावर चष्मा ठेवून फिरणारा मनुष्य विद्वान दिसतो आणि कानामागे यंत्र ठेवणारा म्हातारा दिसतो, असा आपला समज. माझे यंत्र हे पाहा. मी ते केसांनी झाकलेले नाही, झाकण्याजोगे केसही उरलेले नाहीत. ते घेतल्यावर पहिले काही आठवडे वाईट जातात हे आधीच सांगून ठेवतो. ताटल्यांचा आवाज कानशिलात बसतो, स्वतःचा आवाज परक्याचा वाटतो, आणि कित्येक जण दुसऱ्याच दिवशी यंत्र कपाटात ठेवून देतात. तसे करू नये. वर्षानुवर्षे जे ऐकले नाही ते मेंदूला पुन्हा शिकावे लागते. प्रथम घरात, शांत वेळी, दोन-तीन तास. मग हळूहळू वाढवावे, व तज्ज्ञाकडे जाऊन पुन्हा पुन्हा जुळवून घ्यावे. टपालाने मागविलेले स्वस्त यंत्र सगळेच आवाज सारखे वाढविते. आलेख पाहून जुळविलेले यंत्र जे स्वर गेले असतील तेच वाढविते. ज्यांना यंत्राने लाभ होत नाही अशांपैकी काहींच्या शंखात शस्त्रक्रियेने तार बसवून मज्जातंतूला थेट संदेश देण्याची सोय झालेली आहे. जन्मतः बहिऱ्या बालकाच्या बाबतीत ती जितकी लवकर होईल तितकी वाणी चांगली येते.

खर्चाची अडचण मी जाणतो. आपल्या पश्चिम रेल्वेच्या मार्गावरच, वांद्रे रेक्लमेशन येथे, 1983 साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. श्रवण व वाणी यांची तपासणी हेच तिचे कार्य. अपंगांना साधने देण्याची केंद्र शासनाची योजना 1981 पासून आहे, व दारिद्र्यरेषेखालील वृद्धांसाठी 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजना आहे. दोहोंत श्रवणयंत्रे दिली जातात. अर्ज भरण्यास आपले युवक मदत करतील. आणि ज्यांना वाटते की म्हातारपणी हा खर्च कशाला, त्यांनी हेही ऐकावे. 2024 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळाने स्मृतिभ्रंशाची जी चौदा टाळता येण्याजोगी कारणे दाखविली, त्यांत उपचार न झालेली श्रवणहानी हे एक आहे.

ही व्यथा थोरांनाही चुकलेली नाही. बीथोव्हेन या जर्मन संगीतकाराने 1801 साली आपल्या डॉक्टर मित्राला पत्र लिहून कळविले की, कान रात्रंदिवस गुणगुणत असतात आणि आपण दोन वर्षे लोकांत मिसळणे टाळीत आहोत, कारण आपण बहिरे आहोत असे सांगवत नाही. तेव्हा त्याचे वय अवघे तीस वर्षांचे. 7 मे 1824 रोजी व्हिएन्ना येथे त्याची नववी सिंफनी प्रथम वाजविली गेली. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, आणि तो त्यास ऐकू आला नाही. तेव्हा गायिकेने त्याला श्रोत्यांकडे वळविले व त्याने त्या टाळ्या डोळ्यांनी पाहिल्या. या गोष्टीतील गायिकाच मला अधिक आवडते.

दुसरे उदाहरण आपल्या काळातील आहे. इंग्लंडातील जॅक अ‍ॅशली हे गरीब कामगार घराण्यातील गृहस्थ 1966 साली पार्लमेंटात निवडून आले. पुढल्याच वर्षी कानाच्या शस्त्रक्रियेनंतर ते पूर्ण बहिरे झाले, आणि कर्णनाद मात्र उरला. पार्लमेंटात बहिऱ्याचे काय काम, म्हणून ते राजीनामा देण्याच्या बेतात होते. सहकाऱ्यांनी व मतदारांनी त्यांना थांबविले. ते ओठांवरून बोलणे ओळखावयास शिकले, व पत्नीने या सर्व काळात साथ दिली. पुढे 1992 पर्यंत त्यांनी अपंगांच्या हक्कांसाठी त्याच सभागृहात काम केले. 1979 साली कर्णनादाने पीडित लोकांची जी संस्था त्या देशात स्थापन झाली, तिच्या उभारणीतही त्यांचा हात होता. अशा संस्थांत काय चालते? माणसे एकत्र बसतात आणि आपापला किडा कसा वाजतो हे एकमेकांना सांगतात. हे ऐकून तुम्हांस हसू येईल. परंतु ज्याला घरात कोणी खरे मानीत नाही, त्याला "मलाही तसेच होते" असे म्हणणारा एक मनुष्य भेटला, तर त्या रात्री त्यास झोप लागते.

आपल्या ख्रिस्तसभेचा या बाबतीतील इतिहास दोन्ही प्रकारचा आहे. श्रद्धा श्रवणातून येते या संत पौलाच्या शिकवणीचा विपरीत अर्थ लावून, जन्मतः बहिऱ्याला धर्मज्ञान देणे शक्यच नाही, असे पुष्कळ काळ पुष्कळांनी मानले. तो समज मोडणारेही आपल्यातीलच निघाले. सोळाव्या शतकात स्पेनमध्ये पेद्रो पोन्से दे लेओन या बेनेदिक्तन मठवासीयाने बहिऱ्या मुलांना लिहावयास व बोलावयास शिकविले. संत फ्रान्सिस द सेल्स यांनी एका बहिऱ्या तरुणास खाणाखुणांनी धर्मशिक्षण देऊन प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी तयार केले, म्हणून ते बधिरांचे आश्रयदाते संत ठरले. त्यांचा सण 24 जानेवारी. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे या धर्मगुरूने बहिऱ्यांसाठी विनामूल्य शाळा काढली व त्यांची खुणांची भाषा त्यांच्याकडूनच शिकून घेतली. आणि आपल्या मुंबईत 1885 च्या सुमारास बिशप लिओ म्यूरिन यांनी मूकबधिरांसाठी शाळा उघडली; तीच हिंदुस्थानातील अशी पहिली शाळा होय.

या सर्वांनी गुरुस्थानी कोणास मानले असावे, हे संत मार्कच्या सातव्या अध्यायावरून दिसते. दकापलीस प्रांतात लोकांनी एका बहिऱ्या व बोबड्या मनुष्यास प्रभूकडे आणले. प्रभूने प्रथम काय केले? त्याला गर्दीतून बाजूस नेले. मी हा भाग शेकडो वेळा वाचला असेन, परंतु स्वतःचे कान जाईपर्यंत या गोष्टीचा अर्थ मला लागला नाही. गर्दीत बहिऱ्याला काहीच कळत नाही! मग प्रभूने त्याच्या कानांत बोटे घातली, जिभेला स्पर्श केला, वर पाहिले, उसासा टाकला. म्हणजे जे घडणार होते ते शब्दांवाचून, त्याला दिसेल व जाणवेल अशा रीतीने सांगितले. "मोकळा हो" हा शब्द त्यानंतर आला. स्नानसंस्कारात बालकाच्या कानांना व मुखाला स्पर्श करण्याचा जो विधी आहे, तो याच प्रसंगावरून आलेला आहे.

तेव्हा घरातील मंडळींनी एवढे करावे. मागून अथवा दुसऱ्या खोलीतून हाक मारू नये. समोर यावे, उजेड आपल्या तोंडावर पडेल असे उभे राहावे, दूरचित्रवाणी बंद करावी, आणि सावकाश, नेहमीच्या आवाजात बोलावे. एक वाक्य दोनदा कळले नाही तर तेच तिसऱ्यांदा न ओरडता निराळ्या शब्दांत सांगावे. "काही नाही, जाऊ दे" असे तर कदापि म्हणू नये. ज्याला ऐकू येत नाही त्याला हे एकच वाक्य नेमके ऐकू येते. आणि वृद्धांनो, तुम्हीही मान डोलावू नका. "मला कळले नाही, पुन्हा सांग बाळा" असे म्हणावयास शिका. मला ते म्हणावयास पाच वर्षे लागली.

महोत्सवाच्या निधीतून काय करावे याविषयी धर्मग्राम परिषदेत पुष्कळ चर्चा झाली. नवी रोषणाई पाहिजे असे काहींचे म्हणणे होते. शेवटी असे ठरले आहे की, मंदिरात डाव्या बाजूच्या पहिल्या सहा बाकांभोवती जमिनीत एक तार बसवावयाची. ज्यांच्या श्रवणयंत्रात तिची सोय आहे, त्यांनी आपल्या यंत्रावरील 'टी' हे बटण लावले की वेदीवरील ध्वनिग्राहकातील आवाज, गलक्यावाचून, थेट त्यांच्या कानात येईल. यंत्र घेताना ही सोय त्यात आहे की नाही हे विचारून घ्यावे. वाचकांनाही विनंती आहे की, शास्त्रपाठ वाचताना वाक्याचे शेवटचे शब्द गिळू नयेत.

राहता राहिली पापनिवेदनाची गोष्ट. कित्येक वृद्ध प्रायश्चित्त संस्कारास येईनासे झाले आहेत. आपल्याला ऐकू येत नाही म्हणून धर्मगुरू मोठ्याने बोलतील आणि बाहेर रांगेतील लोक ऐकतील, ही त्यांची भीती; आणि ती भीती मला रास्त वाटते. यापुढे दर शनिवारी सायंकाळी चार ते पाच या वेळात मी पेटीत न बसता वस्त्रागारामागील लहान खोलीत बसेन. दार लावलेले असेल व बाहेर कोणी उभे राहणार नाही. जखऱ्यालाही लोक खुणांनीच विचारीत होते आणि त्याने मुलाचे नाव पाटीवर लिहून दिले. तशी पाटी व खडू त्या खोलीत ठेवलेले आहेत. ज्यांना बोलण्यापेक्षा लिहिणे सोपे वाटते त्यांनी पाटीवर लिहावे, व आपल्याच हाताने पुसून टाकावे. खुणांनी वा लिहून केलेले पापनिवेदन ख्रिस्तसभेला पूर्णपणे मान्य आहे. खोलीत दोन खुर्च्या आहेत. माझा उजवा कान त्यातल्या त्यात बरा आहे. तेव्हा कृपा करून खिडकीजवळच्या, माझ्या उजवीकडील खुर्चीवर बसावे.